शाखा, राज्य आणि दिल्ली: आयएमएच्या सभासदाला संघटना आपली कधी वाटते

तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या, इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेच्या एका तरुण सचिव डॉक्टरांनी विचारलं आहे: "आमच्या आयएमए शाखेत कागदावर दीडशेच्या वर सभासद आहेत. कार्यक्रमाला पंचवीस-तीस येतात, आणि तेही दरवेळी तेच. राज्य शाखा किंवा दिल्लीचं मुख्यालय म्हटलं की लोक म्हणतात, ते वरचं, आपला काय संबंध? सभासदांना ही संघटना आपली वाटावी म्हणून काय करता येईल?"

मी मराठवाड्यात जनरल प्रॅक्टिस करतो. शाखेचा सचिव, अध्यक्ष आणि नंतर राज्य परिषदेवर शाखेचा प्रतिनिधी अशी तिन्ही कामं केली आहेत, त्यामुळे हा प्रश्न खालूनही पाहिला आहे आणि वरूनही. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्यक्रमांची संख्या वाढवून हे होत नाही. सभासदाने काही विचारलं आणि त्याचं उत्तर त्याच्या नावानिशी त्याच्यापर्यंत परत आलं, की तो जोडला जातो. त्याच्याकडे एखादं काम सोपवलं, की तो टिकतो. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या दोन गोष्टी घडवून कशा आणायच्या याबद्दल आहे.

आधी रचना पाहू, कारण दुरावा तिथूनच सुरू होतो. इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय परिषदेत स्थापन झाली. आज तिचे सभासद साडेतीन लाखांच्या वर आहेत. पण डॉक्टर सभासद होतो तो साधारणपणे आपल्या गावच्या शाखेतून. अर्ज शाखेत, वर्गणी शाखेत. त्यातला एक हिस्सा शाखेकडे राहतो, एक राज्याकडे जातो, एक मुख्यालयाकडे. एकाच अर्जावर माणूस तिन्ही पातळ्यांचा सभासद झालेला असतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं. आपण "गावातल्या आयएमएचे" मेंबर आहोत आणि वर कुठेतरी आणखी मोठी माणसं आहेत, एवढीच त्यांची कल्पना असते. नव्या सभासदाला अर्ज भरतानाच पाच मिनिटं बसवून हे समजावून सांगा. आपल्या शाखेचे राज्य परिषदेवर कोण आहेत, मध्यवर्ती परिषदेवर कोण आहेत, त्यांचे नंबर कोणते, हे त्याला त्याच वेळी द्या. अनेक ज्येष्ठ सभासदांनाही ही नावं सांगता येत नाहीत.

दुसरं कारण आजीव सभासदत्वाचं. एकदा रक्कम भरली, प्रमाणपत्र आलं, दवाखान्यात फ्रेम लागली, संपलं. जिथे दरवर्षी वर्गणी गोळा होते तिथे निदान वर्षातून एकदा कोणीतरी दारात येतं, आणि सभासदाला "वर्षभर तुम्ही काय केलंत?" असं तोंडावर विचारता येतं. आजीव सभासदत्वाने संस्थेची आर्थिक सोय होते, सभासदाची कटकट वाचते, पण ही वार्षिक भेट मात्र जाते. ती शाखेने ठरवून परत आणावी लागते.

म्हणून सुरुवात यादीपासून करा. दीडशे नावं समोर घेऊन बसा. काही जण पुण्याला, संभाजीनगरला गेलेले निघतील, काही परदेशी. काही वारलेले असतील आणि त्यांच्या नावाने अजून निमंत्रणं जात असतील. त्यांच्या घरच्यांना ते पाकीट हातात घेताना काय वाटत असेल, याचा विचार करा. एक गोष्ट मात्र मुद्दाम तपासा. आपल्याकडे पती-पत्नी दोघं डॉक्टर असण्याचं प्रमाण मोठं आहे आणि आयएमएत दांपत्य सभासदत्वाची सोय आहे. अशा जोडीत यादीत नावं दोन असतात, पण मोबाइल नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचाच. ग्रुपमध्ये तोच, निरोप त्यालाच. मग आपण म्हणतो, महिला डॉक्टर कार्यक्रमाला येत नाहीत. त्यांना बोलावलंच गेलेलं नसतं. प्रत्येक सभासदाचा स्वतःचा नंबर यादीत हवा. एवढ्या एका दुरुस्तीने उपस्थितीत फरक पडलेला मी पाहिला आहे.

यादी झाली की ती वाटून घ्या. कार्यकारिणीत बारा-पंधरा जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा सभासद येतात. वाटणी शक्यतो भागानुसार करा: स्टेशन रोडचे एकाकडे, जुन्या गावातले दुसऱ्याकडे, आसपासच्या मोठ्या खेड्यांत बसणारे तिसऱ्याकडे. वर्षातून दोनदा फोन किंवा समक्ष भेट. त्या फोनवर कार्यक्रमाचं आमंत्रण देऊ नका आणि देणगीचा विषयही काढू नका. एवढंच विचारा: "प्रॅक्टिसमध्ये सध्या कसली अडचण आहे? शाखेने काय करावं असं वाटतं?" जे सांगतील ते वहीत त्यांच्या शब्दांत उतरवा. खेड्यात एकटे बसणारे डॉक्टर या फोनवर सगळ्यांत जास्त बोलतात. त्यांचा दिवस संध्याकाळी उशिरा संपतो आणि व्यवसायातलं दुसरं माणूस त्यांना आठवडे-आठवडे भेटत नाही. शाखेचा खरा आधार त्यांनाच हवा असतो, आणि शहरातल्या हॉटेलात होणाऱ्या कार्यक्रमांतून तो त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

आता वहीत आलेल्या अडचणींचं काय करायचं? तिन्ही पातळ्यांचा अर्थ सभासदाला समजतो तो इथेच. नेहमी येणारा एक प्रश्न घ्या, लहान रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालकं दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दहा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरपुढे खरा पेच उभा राहिला. दुसरा जिना कुठून काढायचा? पाण्याची टाकी गच्चीला पेलवेल का? आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र कोणत्या परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं? यातला एजन्सीचा आणि नगरपरिषदेशी बोलण्याचा भाग शाखेचा. दहा जणांनी मिळून एजन्सी बोलावली तर दर कमी होतो आणि काम वेळेत होतं. लहान रुग्णालयांसाठी नियमांत वेगळा विचार व्हावा, ही मागणी राज्य शाखेची, कारण कायदा महाराष्ट्राचा आहे, २००६ चा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाशी किंवा केंद्राच्या कायद्याशी संबंध असेल ते दिल्लीचं काम. सभासदाचा एकच प्रश्न असा तीन भागांत मोडून दाखवला की "वरचं" म्हणजे काय, ते त्याला भाषणाशिवाय कळतं.

मात्र मोडून दाखवणं हा अर्धा भाग झाला. प्रश्न वर गेल्यावर त्याचा माग ठेवायला हवा. शाखेत एक साधं रजिस्टर असावं: कोणी विचारलं, कोणत्या तारखेला, कुठे पाठवलं, काय उत्तर आलं, सभासदाला कधी कळवलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. उत्तर आलं नसेल, तर तेही कळवा: "डॉक्टर, तुमचं पत्र राज्य शाखेला अमुक तारखेला दिलं, पुढच्या बैठकीत मी स्वतः विचारणार आहे." सभासद नकार पचवतात. आपण विचारलं त्याचं पुढे काय झालं हे कधीच न कळणं त्यांना पचत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न मनापासून विचारूनही उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा काही विचारत नाही.

परिपत्रकांचंही असंच. मुख्यालयाचं पत्र इंग्रजीत, चार पानी, पीडीएफ स्वरूपात येतं. राज्य शाखा ते पुढे ढकलते, सचिव ग्रुपवर ढकलतो, आणि खाली दोन अंगठे उमटतात. एवढ्याने निरोप पोहोचला असं समजू नका. सचिवाने ते आधी स्वतः वाचून मराठीत पाच-सहा ओळी लिहाव्यात: काय ठरलं, आपल्या गावावर त्याचा काय परिणाम, आपण काय करायचं, कधीपर्यंत, आणि शंका असेल तर फोन कोणाला. मूळ पत्र खाली जोडा. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. माझ्या मते सचिवाच्या आठवड्यातली तेवढी पंधरा मिनिटं पदग्रहण समारंभाच्या सगळ्या तयारीपेक्षा जास्त उपयोगी आहेत. आणि ग्रुपवर शुभेच्छा, सुप्रभात, राजकारण नको, हा नियम पहिल्याच दिवशी लावा. महत्त्वाच्या निरोपांसाठी फक्त पदाधिकारी लिहू शकतील असा वेगळा ग्रुप ठेवा, नाहीतर कामाचा निरोप वाढदिवसांच्या फुलांखाली जातो.

संकटाच्या वेळची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण शाखेबद्दलचं मत त्या एका तासात बनतं. रुग्णालयात नातेवाइकांचा जमाव आला, काचा फुटल्या, डॉक्टरला धक्काबुक्की झाली. त्या वेळी शाखेतले पाच ज्येष्ठ डॉक्टर अर्ध्या तासात तिथे उभे राहिले का, एवढंच त्या सभासदाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या लक्षात राहतं. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. पण ठाण्यात फिर्याद लिहून घेताना हा कायदा सांगणारं माणूस लागतं. घाबरलेल्या डॉक्टरला त्या क्षणी कलमं आठवत नाहीत. म्हणून शाखेची एक ठरलेली तुकडी हवी: एक जण पोलिसांशी बोलेल, एक जण दाखल रुग्णांची सोय दुसरीकडे लावेल, एक जण सीसीटीव्हीचं चित्रण आणि केसपेपर सुरक्षित ठेवेल, एक जण नातेवाइकांपैकी शांत माणसाशी बोलेल, आणि एक जण डॉक्टरच्या घरी जाऊन बसेल. हे शेवटचं काम कोणी करत नाही. ते मुद्दाम कोणाकडे तरी सोपवा. नावं आणि नंबर छापून प्रत्येक दवाखान्यात लावा. दुसऱ्या दिवशी फोन करा, महिन्याने करा, आणि खटला उभा राहील तेव्हाही कोणीतरी सोबत जा. निषेधाचं निवेदन आणि तहसीलदारांसोबतचा फोटो याहून ही सोबत कितीतरी मोठी आहे.

देशभरच्या हाकेबद्दलही हेच म्हणेन. कोलकात्यात निवासी डॉक्टरवर झालेल्या अत्याचारानंतर आणि तिच्या हत्येनंतर आयएमएने १७ ऑगस्ट २०२४ ला सकाळी ६ पासून २४ तास सेवा थांबवण्याची हाक दिली, तातडीच्या सेवा चालू ठेवून. त्या दिवशी लहान गावांतही डॉक्टर एकत्र आले. तिन्ही पातळ्या एक झाल्याचं सभासदाला अशा प्रसंगीच जाणवतं. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. ज्या डॉक्टरने बंदच्या दिवशी ओपीडी बंद ठेवली, त्याला त्यानंतर काय काय झालं हे शाखेने वेळोवेळी सांगत राहायला हवं. बंदची हाक पोहोचवायला आपण रात्र जागवतो. पुढचा पाठपुरावा पोहोचवायलाही तितकाच उत्साह हवा, नाहीतर पुढच्या हाकेला लोक कमी येतात.

सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांबद्दल थोडं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून लोक येतात, सही करतात, जेवतात आणि जातात. वक्ता मोठ्या शहरातून आलेला, विषय असा की त्याची साधनं आपल्या गावात नाहीत. असे कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही, पण दर दोन कार्यक्रमांमागे एक तरी गावातल्या डॉक्टरांनी आपल्या केसेस मांडण्याचा असू द्या. सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा, उसतोडीवरून परतलेल्या गरोदर बाई, तापाचे न कळणारे रुग्ण. यातलं ज्ञान आपल्याकडेच आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवला, तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या जागी बसून केलेलं निरीक्षण जगाच्या कामी येतं, याचं इतकं जवळचं उदाहरण असताना आपल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांना आपण कायम श्रोत्यांतच बसवतो. ज्या डॉक्टरने वीस मिनिटं उभं राहून आपली केस सांगितली आणि त्यावर फिजिशियन, सर्जन यांनी मनापासून चर्चा केली, तो पुढच्या वेळी सहसा चुकत नाही.

तज्ज्ञ डॉक्टर आयएमएपासून दूर जातात, ही तक्रार सगळ्या शाखांत आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी आहे, बालरोगतज्ज्ञांची आयएपी आहे, आणि त्यांनाही स्थानिक, राज्य, राष्ट्रीय अशाच पायऱ्या आहेत. एका माणसाला तीन-चार संघटनांची निमंत्रणं येतात आणि संध्याकाळ एकच असते. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. महिन्याचं वेळापत्रक एकत्र बसून ठरवा, एक कार्यक्रम दोघांचा मिळून करा. जे प्रश्न सगळ्या विषयांच्या डॉक्टरांना सारखेच भिडतात, म्हणजे नर्सिंग होमची नोंदणी, जैववैद्यकीय कचरा, हल्ले, ग्राहक न्यायालय, ते आयएमएने धरावेत. तिथे तज्ज्ञ येतात, कारण तिथे त्यांनाही कोणीतरी हवं असतं.

वेळेचा प्रश्न साधा वाटतो पण बरंच काही त्यावर ठरतं. रात्री नऊला हॉटेलात सुरू होणारा, अकराला जेवणावर येणारा कार्यक्रम कोणासाठी ठेवला आहे? लहान मुलं असलेली डॉक्टर आई तिथे येणार नाही, खेड्यातून येणारा परत कधी जाणार? महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आयएमए हॉलवर, पोहे-चहावर, दोन तासांत संपेल असं काही ठेवून बघा. मुलांना सोबत आणू द्या.

गावात नव्याने आलेल्या डॉक्टरकडे पहिल्या महिन्यात दोघांनी जाऊन यावं, त्यातला एक त्याच्याच विषयाचा असावा. इथे एक अवघड गोष्ट आहे: नवा सर्जन आला की जुन्या सर्जनला आपली प्रॅक्टिस घटेल अशी धास्ती वाटते. ही भावना खरी आहे, आणि ती ओळखूनच ज्येष्ठांना पुढे करावं लागतं. ज्येष्ठाने स्वतः जाऊन "रात्री-अपरात्री गरज पडली तर हाक मारा" असं सांगितलं, की पुढची अनेक वर्षं दोघांमध्ये एकमेकांच्या रुग्णांबद्दल वाईट बोलणं होत नाही. रुग्णालयांवरच्या तक्रारींची सुरुवात कितीदा तरी दुसऱ्या डॉक्टरच्या एका बेसावध वाक्याने होते. त्यामुळे या भेटीचा उपयोग शिष्टाचारापुरता राहत नाही.

नोकरी करणारे डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, निवासी डॉक्टर यांना शाखा आपली वाटत नाही, कारण शाखेचे विषय बहुधा रुग्णालय-मालकांचे असतात. त्यांच्यातल्या एकाला कार्यकारिणीत घ्या आणि त्याला नुसतं नाव न देता विषय द्या. आधी काम, मग पद, हा क्रम सगळ्यांनाच लागू करा. रक्तदान शिबिराचं, शाळा तपासणीचं, १ जुलैच्या डॉक्टर्स डेचं एकेक काम आजवर कधीच न आलेल्या सभासदाकडे सोपवा. "तुम्ही या" या निरोपापेक्षा "हे तुमच्याशिवाय होणार नाही" हा निरोप जास्त माणसं आणतो, फक्त तो खरा असायला हवा. काम दिल्यावर निर्णयही त्यालाच घेऊ द्या.

राज्य पातळीवर काम करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. शाखेला भेट द्यायला जाता तेव्हा हार-शाल-सत्कार दहा मिनिटांत उरका आणि तासभर सभासदांचे प्रश्न ऐका. उत्तरं तिथेच देता आली नाहीत तर लिहून घ्या आणि पंधरा दिवसांत लेखी पाठवा, सचिवाला आणि विचारणाऱ्या सभासदालाही. मोठ्या शहरांच्या शाखांचा आवाज परिषदेत आपोआप पोहोचतो, लहान शाखांचा पोहोचवावा लागतो. बैठकीच्या विषयपत्रिकेत लहान शाखांच्या प्रश्नांना पहिला अर्धा तास द्या. शेवटी ठेवले तर त्यांचे प्रतिनिधी गाडी पकडायला उठून गेलेले असतात.

आणि शाखेकडून राज्य परिषदेवर जो जाईल त्याने परतल्यावर आठवड्याच्या आत एक पान लिहावं: काय चर्चा झाली, आपला प्रश्न मांडला का, कोण काय म्हणालं, मत कुठे दिलं. परिषदेवर निवडून जाणं हा मान आहे तसं ते निरोप पोहोचवण्याचं कामही आहे. जाताना प्रत्येक वेळी एक नवा सभासद सोबत न्या, प्रेक्षक म्हणून का होईना. राज्य शाखेचे पदाधिकारी, इतर जिल्ह्यांतले डॉक्टर, त्यांचेही तेच प्रश्न, हे त्याने एकदा समोर बसून ऐकलं, की "ते वरचं" हा शब्द त्याच्या बोलण्यातून कमी होतो.

शेवटचा मुद्दा पदांतराचा. बहुतेक शाखांत पदाधिकारी दरवर्षी बदलतात, आणि नव्या सचिवाच्या हाती बँकेचं पुस्तक, शिक्का आणि फोटोंचा अल्बम येतो. दुरुस्त केलेली यादी, प्रश्नांचं रजिस्टर, भागवाटणी आणि तुकडीचे नंबर जुन्या सचिवाच्या मोबाइलमध्येच राहतात. तुमचं वर्ष संपायच्या दोन महिने आधी पुढच्या सचिवाला शेजारी बसवा, रजिस्टरमधले उघडे प्रश्न एकेक करून त्याला समजावून द्या, आणि ज्या सभासदांचे ते प्रश्न आहेत त्यांना फोन करून सांगा की यापुढे हे डॉक्टर तुमचं काम पाहतील.